टेपातले सर

आमच्या घरी बोडी भरली तर धान व्हायचं, नाही भरली तर बिडीवर घर चालायचं. बोडी म्हणजे गावाजवळचा लहान तलाव. तिच्या पाळीखाली आमच्या दोन बांध्या होत्या, धानाचे दोन तुकडे, तेवढंच आमचं शेत. मी आठवीत होते त्या वर्षी बोडी अर्धी राहिली. नववीत होते त्या वर्षीही अर्धीच. बाबा दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायला जायचे आणि रोवणा संपला की रस्त्यावर खडी फोडायला. माय आणि मी बिड्या वळायचो. थोरली बहीण होती तोवर तिघी होतो. तिचं लग्न झालं, मग दोघीच राहिलो.

माय तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा वर ठेवून कापायची, तंबाखू घालून वळायची. बिडीचं तोंड बंद करायचं काम माझं होतं. शाळेतून आले की सूप मांडीवर घ्यायचं आणि नखानं तोंडं दुमडत बसायचं. पाठांतर मी तेव्हाच करायची. पाढे, संस्कृतचे श्लोक, इतिहासातली कारणं, सगळं तोंडपाठ होतं. हात चालत असले की डोक्यात पटापट बसायचं. शाळेत माझी हुशार म्हणून गिनती होती ती या पाठांतरावर.

त्या दोन वर्षांत मायची बोटं वाकेनाशी झाली. सकाळी लोटा धरायला तिला दोन्ही हात लागायचे. बिडी कारखान्याचं कार्ड तिच्या नावावर होतं. कार्ड असलं तरच पान आणि तंबाखू मिळायचा. कारखान्याचा मुनीम माल घ्यायला बसायचा तेव्हा मायच्या सुपातल्या बिड्या दाबून पाहायचा आणि निम्म्या बाजूला फेकायचा.

"बाई, तुह्या बिड्या ढिल्या येऊन राहिल्या," तो एकदा म्हणाला. "कार्ड पोरीच्या नावानं करून घे. तिचा हात चांगला आहे."

माय म्हणाली, "दहावी होऊ द्या जी तिची."

"अन् नाही झाली त?"

"नाही झाली त करून घेऊ."

मी शेजारीच बसले होते. मला काही वाटलं नाही. गावातल्या माझ्या वयाच्या बहुतेक मुलींच्या नावावर कार्ड होतंच. दहावी पास झाले तर पुढे, नाही तर कार्ड, एवढं माझ्या डोक्यात पक्कं झालं आणि मी उठून शाळेत गेले.

शाळा आमच्याच गावात होती, लाखांदूरहून एसटीनं पाऊण तास. मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात गणिताचे सर नोकरी सोडून गेले. जागा रिकामी पडली आणि जून उलटला तरी कोणी आलं नाही. हेडमास्तर इतिहास शिकवायचे. ते गणिताचं पुस्तक हातात घेऊन वर्गात यायचे आणि आम्हालाच उदाहरणं सोडवायला सांगून खिडकीबाहेर बघायचे.

त्यांचे एक मित्र भंडाऱ्याला गणित शिकवत. गणित शिकवावं तर त्यांनीच, असं हेडमास्तर म्हणत. हेडमास्तरांनी त्यांच्या मागं लागून लागून दहावीचं सगळं पुस्तक टेप करून घेतलं. कॅसेटी आल्या त्या बुटाच्या खोक्यात. शाळेकडे टेपरेकॉर्डर नव्हता. तो गावातल्या नाटक मंडळाकडे होता. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. त्या नाटकात विजेचा कडकडाट, घोड्याच्या टापा वाजवायला मंडळानं तो घेतला होता. उरलेलं वर्ष तो कपाटात पडून असायचा. हेडमास्तरांनी तो शाळेसाठी मागून आणला.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर टेप. उभ्या माणसाचं तोंड येतं त्या उंचीवर. म्हणाले, "हे तुमचे गणिताचे सर. गडबड केली त याद राखा."

आवाज मोठा होता. भरदार, शुद्ध, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण पहिलं प्रकरण पाहू." आम्ही सगळे उभे राहिलो. हेडमास्तरही गोंधळले, मग म्हणाले, "बसा, बसा."

त्या सरांची एक सवय होती. थोडं शिकवून झालं की ते म्हणायचे, "कळलं?" मग दोन-तीन क्षण थांबायचे. मग म्हणायचे, "छान." आणि पुढे जायचे. वर्गात मुलं असल्यासारखंच ते बोलले होते. पहिल्या दिवशी "कळलं?" आल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मागून एक पोट्टा ओरडला, "हो सर!" लगेच टेप म्हणाला, "छान." सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे एका सुरात म्हणू लागलो.

"कळलं?"

"हो सर!"

"छान."

असं वर्षभर चाललं. कळलं नाही असं आमच्यापैकी कोणी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी उत्तर छान हेच आलं असतं.

सेल उतरले की सरांचा आवाज जड व्हायचा, शब्द लांबायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "सर झोपून राहिले बे, उन्हात ठेवा त्याईले." सेल काढून व्हरांड्यात उन्हात मांडायचे, तेवढी सुट्टी मिळायची. शिक्षकदिनाला पोरांनी टेपाला झेंडूचा हार घातला. हेडमास्तर रागावले नाहीत. त्यांनी नारळही फोडला.

मी त्या टेपावर खूश होते. घरी बिड्यांची तोंडं दुमडताना सगळा धडा मी आवाजासकट म्हणायची. सर कुठं थांबतात, कुठं खोकतात, सगळं यायचं. माय म्हणायची, "आला का व तुहा मास्तर?" आणि हसायची. पहिल्या चाचणीत प्रश्न कॅसेटच्याच क्रमानं आले, कारण हेडमास्तरांनी ते कॅसेट ऐकूनच काढले होते. मला पैकीच्या पैकी मिळाले. वर्गातल्या सगळ्यांनाच चांगले गुण मिळाले. हेडमास्तर गावात सांगत फिरले की मास्तर नसला तरी चालते, टेप पाहिजे.

मंडईच्या दिवसांत टेप नाटकासाठी परत गेला. त्याच्याबरोबर चुकून दोन कॅसेटीही गेल्या. दहा-बारा दिवसांनी सगळं परत आलं. वर्तुळाचं प्रकरण लावलं. सर म्हणाले, "वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर लंब टाकला, तर तो," आणि एकदम पेटी सुरू झाली. तबला, पेटी, मग नाटकातला पाटील गडगडाट करून हसला. वर्ग लोळायचा बाकी राहिला. मंडळानं तालमीच्या वेळी त्या कॅसेटवरच नाटक भरलं होतं. वर्तुळ पुसून गेलं.

हेडमास्तर डोकं धरून बसले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं बोट वर केलं. "सर, हिले येते. हिले अख्खं पाठ आहे."

मंडईच्या आधीच हेडमास्तरांनी घाईघाईत ते प्रकरण एकदा ऐकवलं होतं, आणि मधल्या सुट्टीत मी दोनदा पुन्हा लावून घेतलं होतं. मला उभं केलं. मी सुरू झाले. "केंद्र ओ घ्या. जीवा एबी घ्या. आता ही बाजू आणि ही बाजू, दोन्ही त्रिज्या. म्हणजे सारख्या." मी खोकले सुद्धा, सर जिथं खोकले होते तिथं. "कळलं?"

वर्ग म्हणाला, "हो सर!"

मी म्हणाले, "छान."

तीन दिवस मी वर्तुळाचं प्रकरण शिकवलं. शिकवलं असं हेडमास्तर म्हणायचे. मैत्रिणीनं माझ्याकडून सगळं वहीत उतरवून घेतलं. एकदा तिनं विचारलं, "पण ही बाजू म्हणजे कोणती व?" मी म्हणाले, "सर म्हणतात ती." तिनं मान हलवली आणि लिहिलं, ही बाजू. सरांच्या समोर फळा असणार, ते त्यावर बोट ठेवून बोलत असणार, हे आम्हा दोघींना सुचलं नाही.

आज माझी भाची मोबाइलवर गणित शिकते. थांबवलं की थांबतं, मागं नेलं की मागं जातं, पुढं ढकललं की पुढं. लोक विचारतात, याचा मुलांच्या मार्कांवर काय परिणाम होतो? आमचाही टेप मागं जात होता. मी माझ्यापुरतं सांगू शकते.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. केंद्र लाखांदूरला होतं. भूमितीच्या पेपरात वर्तुळाचा प्रश्न आला. त्रिज्या दहा, जीवा सोळा, तर जीवेचं केंद्रापासूनचं अंतर काढा. मी प्रश्न वाचला. मग ओळीनं सगळं प्रमेय लिहून काढलं. केंद्र ओ घ्या, जीवा एबी घ्या, ही बाजू आणि ही बाजू सारखी. पान भरलं. दहा आणि सोळा कुठं घालायचे ते कळलं नाही. शेवटी त्यांची बेरीज करून खाली लिहिली. पुढच्या प्रश्नात त्रिकोणाला पी, क्यू, आर अशी नावं होती. सरांच्या त्रिकोणाला ए, बी, सी होती. हा त्रिकोण आपल्याला शिकवलाच नाही, असं समजून मी तो प्रश्न सोडून दिला.

बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "चांगला गेला का व पेपर?" मी म्हटलं, "चांगला गेला." मला खरंच तसं वाटत होतं. पानं भरली होती ना.

निकाल जूनमध्ये लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात सहा गुण कमी. मैत्रीणही गणितात नापास. वर्गातली निम्मी मुलं गणितात नापास. हेडमास्तर कागद वाटत होते आणि कोणाकडे पाहत नव्हते. मला देताना एवढंच म्हणाले, "तू तरी होशीन असं वाटत होतं." मी घरी आले, कागद चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला आणि सूप मांडीवर घेतलं. मायनं विचारलं, मी सांगितलं. मला रडू आलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या हातून सगळ्यात जास्त बिड्या बंद झाल्या असतील. मैत्रिणीचं लग्न त्याच महिन्यात ठरलं. हळदीला मी गेले होते. आम्ही गणिताबद्दल बोललो नाही.

चार दिवसांनी मुनीम कार्डाचा कागद घेऊन आला. माय अंगठा द्यायला हात पुसत होती. बाबा ओसरीवर बसले होते. माझ्या शाळेत ते कधी आले नव्हते, मी कितवीत आहे हेही ते मायला विचारायचे. ते म्हणाले, "थांब जरा."

"आता कायले थांबता?" मुनीम म्हणाला.

"बियाणं उगवलं नाही त आपण दुकानदाराले विचारतो का नाही? बापा, तू बियाणं कसं देल्लं म्हणून? मंग? ज्यानं शिकवलं त्याले विचारून येतो. पोरीनं मेहनत त केली. मी पाहिली आहे."

माय म्हणाली, "टेपाले विचारता?"

"टेपात माणूस होता ना?"

मुनीम हसला आणि कागद खिशात घालून गेला. म्हणाला, पुढच्या हप्त्यात येतो.

बाबा शाळेत गेले, हेडमास्तरांकडून पत्ता घेतला आणि एक कॅसेटही मागून घेतली. न उगवलेलं बियाणं दुकानात दाखवायला नेतात, तशी ती त्यांनी रुमालात बांधली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही भंडाऱ्याला गेलो.

सरांचं घर भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत होतं. दार एका बुटक्या, बारीक माणसानं उघडलं. बनियन, पट्ट्याचा पायजमा. बाबांनी विचारलं, "गणिताचे सर आहेत का जी?"

"मीच आहो. या."

तोच आवाज होता, पण घरचा. बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "टेपात तुमी लय मोठे वाटत होते जी."

सर खोकले. मी तो खोकला ओळखला.

बाबांनी रुमाल सोडून कॅसेट समोर ठेवली आणि बियाण्याचं तेच सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "केंद्रातून जीवेवरचा लंब. सिद्ध कर."

मी उभी राहिले आणि सगळं म्हटलं. थांबण्याच्या जागी थांबले. खोकण्याच्या जागी खोकले.

"तू कायले खोकली?" सर म्हणाले. "मले त सर्दी होती त्या दिवशी."

बाबा हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "कळलं?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"काय कळलं?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. ते वाट पाहत राहिले. टेपातल्यासारखे दोन-तीन क्षण नाही, बराच वेळ. मग मी म्हणाले, "काही नाही."

ते आत गेले आणि जेवायचं पितळेचं ताट घेऊन आले. एक दोराही. ताट माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "याचा मधला बिंदू दाखव. अंदाजानं नाही. पक्का."

मी अंदाजानं बोट ठेवलं. ते म्हणाले, चूक. मी जरा सरकवलं. चूक. बाबा म्हणाले, "मधातच त आहे जी." सर म्हणाले, "असंल. पण काहून, ते सांगा."

तासभर मी त्या ताटाशी बसले. सरांनी काही सांगितलं नाही. सरांच्या बायकोनं चहा दिला. मी दोरा ताटावर आडवा धरला, या काठापासून त्या काठापर्यंत. हीच जीवा, हे हळूच लक्षात आलं. दोरा दुमडला तर तिचा मध्य मिळतो. तिथून सरळ काटकोनात गेलं तर केंद्र त्याच रेषेवर कुठंतरी असणार. कुठं, ते कळेना. मग तोच दोरा दुसरीकडून आडवा धरला. दोन रेषा एकमेकींना छेदल्या तिथं मी बोट ठेवलं.

"काहून?" सर म्हणाले.

मी सांगितलं. माझ्या शब्दांत, आमच्या बोलीत, अडखळत सांगितलं. त्यांनी छान म्हटलं नाही. "आता दहा अन् सोळा," असं म्हणाले आणि कागद पुढं केला. सोळाचे अर्धे आठ, तिरपी बाजू दहा, तर उभी सहा. तीन ओळी लागल्या. परीक्षेत मी त्याला एक पान दिलं होतं.

निघताना सर बाबांना म्हणाले, "बियाण्यात खोट होती. पोरीत नाही." मला म्हणाले, ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बस. दर आठवड्याला पोस्टकार्ड टाक. जे कळलं नाही तेवढंच लिहायचं. मी उत्तर पाठवणार नाही, उलटा प्रश्न पाठवीन.

पहिल्या कार्डावर मी लिहिलं, भूमितीतलं काही कळत नाही. परत आलं, "काही म्हणजे काय? पहिल्या ओळीतलं सांग." पहिल्या ओळीत काय कळत नाही ते शोधायलाच मला दोन दिवस लागले. नंतर सवय झाली. रोवण्याचे दिवस होते, मी बाबांबरोबर बांधीत असायची, आणि घरी आले की माय कार्ड पुढं करायची. तिला वाचता येत नव्हतं. कार्डावर कमी लिहिलेलं दिसलं की ती म्हणायची, "आज मास्तर रागावला वाटते."

मुनीम दोनदा आला. दोन्ही वेळा बाबांनी त्याला ऑक्टोबर सांगितलं. मायच्या बिड्या तो फेकतच होता. मी रात्रंदिवस अभ्यास केला असं नाही. दिवसा बिड्या वळायची आणि एक-दोन उदाहरणं सोडवायची. पाठ करणं मात्र बंद केलं. ते सगळ्यात कठीण गेलं, कारण मला तेवढंच येत होतं. हात सुपात गेले की तोंड आपोआप सरांच्या आवाजात सुरू व्हायचं. मी जीभ चावायची.

ऑक्टोबरच्या पेपरात त्रिकोणाला एक्स, वाय, झेड नावं होती. मी तो सोडवला. एक प्रश्न आला नाही तर कोरा ठेवला, पान भरलं नाही.

निकाल कळवायला हेडमास्तर स्वतः घरी आले. त्यांनी कागद बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो उलटा धरला होता. हेडमास्तर म्हणाले, "पास आहे." पुढच्या वर्षी त्यांनी टेप पुन्हा मागवला नाही. गणिताला माणूस मिळेपर्यंत ते स्वतः पुस्तक घेऊन बसायचे आणि येत नसलं की येत नाही म्हणायचे, असं मागच्या वर्गातल्या मुलांनी मला सांगितलं.

मी सांगितलं तेव्हा माय सुपात तांदूळ पाखडत होती. "मंग आता कार्ड?" तिनं विचारलं.

"कार्ड तुह्याच नावावर राहू दे," बाबा म्हणाले.

पुढे मी लाखांदूरला आणि नंतर भंडाऱ्याला शिकले. सहा वर्षांनी मी बी.एस्सी. झाले. विषय गणित, वर्ग दुसरा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बिडी कारखान्याचं कार्ड माझ्या नावावर झालं नाही.